फटी ठेवणारा गवंडी

आमच्या ह्यांना फट सहन होत नाही. दार आणि चौकट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा दिसली की यांचा जीव कासावीस होतो. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यातली गोष्ट. हे माझ्या कपाटापाशी उकिडवे बसून कपाट आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी जागा न्याहाळत होते. मला वाटलं, उंदीर शिरला. "नाही शिरला," हे म्हणाले, "पण शिरू शकतो." संध्याकाळपर्यंत ती जागा बुजवून, घोटून, वर रंगाचा हात मारून मोकळे झाले. ते कपाट आजही जागचं हलवता येत नाही.

हे हाडाचे गवंडी. ओळंबा लावायच्या आधीच भिंत कुठे कलली आहे ते सांगतात, आणि मग ओळंबा लावून स्वतःचं म्हणणं खरं करून दाखवतात. घरात मी यांना काय वाटेल ते बोलते, पण बाहेरच्या कुणी यांच्या कामाला नावं ठेवली तर त्याची खैर नाही. म्हणून ही हकिगत मीच सांगते. यांच्या हातून झालेलं सगळ्यात गबाळं काम हेच यांचं सगळ्यात चांगलं काम आहे. हे स्वतः सांगायला बसले तर अर्धा वेळ वाळू-सिमेंटच्या प्रमाणातच जाईल.

हे नोकरीला आहेत लाटघरात. पाटीवर लांबलचक नाव आहे, पण तिथली माणसं लाटघरच म्हणतात. भलीमोठी पत्र्याची शेड, आत गुडघ्याच्याही खाली राहील एवढंच पाणी, आणि एका टोकाला भिंतभर लांब लोखंडी फळी. मोटर सुरू केली की ती फळी पुढे-मागे डोलते आणि तिच्यासमोरून लाटा निघतात, एकामागून एक, सारख्या अंतरावर. कुठे बंदर बांधायचं ठरलं की आधी तो किनारा छोटा करून या शेडमध्ये बांधायचा, त्याच्यावर छोट्या लाटा सोडायच्या आणि काय बिघडतं ते बघायचं. समुद्रात बिघडण्यापेक्षा शेडमध्ये बिघडलेलं बरं.

यांचं काम समुद्राचा तळ बांधायचं. कुठे खोल, कुठे उथळ, कुठे खडक, सगळं नकाशाप्रमाणे सिमेंटमध्ये उतरवायचं. तळ बोटभर चुकला तर लाटही चुकते. कारण खोल पाण्यात लाट झपाझप जाते आणि उथळात रेंगाळते. एकाच लाटेचं एक टोक खोलात आणि दुसरं उथळात असलं की उथळातलं टोक मागे पडतं आणि अख्खी लाट वळते. "लाटेला वळण लावतो तो तळ," हे म्हणतात, आणि तो तळ कुणी बांधला असं कुणीतरी विचारेल म्हणून थोडा वेळ थांबतात.

नवी नवरी होते तेव्हा मी एकदा विचारलं होतं, "दिवसभर एवढ्या लाटा पुढे ढकलता, मग शेडमधलं सगळं पाणी दुसऱ्या टोकाला गोळा कसं होत नाही?" हे असे खूश झाले की हातातला चहा तसाच ठेवून उठले. दोरीवरची वाळलेली चादर काढली, दोन कोपरे माझ्या हातात दिले, दोन स्वतः धरले आणि हाताला एक झटका दिला. चादरीवर एक उंचवटा उठला आणि सरळ माझ्याकडे धावत आला.

"आलं ना तुझ्याकडे?"

"आलं."

"मग चादर आली का?"

"चादर कशी येईल? धरलीय ना दोघांनी."

"तसंच पाण्याचं. पाणी जागच्या जागी एक गिरकी घेतं आणि पुन्हा आपल्या जागेवर. पुढे जातो तो फक्त जोर. मी इथे हात हलवला, तो तुला तिथे कळला. मधल्या चादरीनं घर सोडलं नाही."

तेव्हापासून आमच्या घरात चादरीची घडी साधेपणानं कधी झाली नाही. आधी एक लाट, मग घडी. शेजारीण बघते आणि हसते. हसू दे.

माझं माहेर समुद्राकाठचं. वडील मासेमार होते, धाकटा भाऊ मासेमार आहे. ज्यानं घरावर आदळेल एवढं पाणी पाहिलं आहे त्याला लाटघराचं काय कौतुक असणार? हे माहेरी आले की धाकटा हमखास विचारायचा, "काय भावोजी, आज लाटेत कुठवर भिजलात? घोट्यापर्यंत की त्याच्याही वर?" सगळे हसायचे. हेही हसायचे. मीही हसायचे, आणि मग स्वयंपाकघरात नेऊन धाकट्याचा कान पिरगाळायचे. बाप्या माणूस झाला तरी माझा धाकटाच तो.

पण त्याच्या थट्टेमागे काय होतं ते मला ठाऊक होतं. आमच्या गावची खाडी एका अंगानं उघडी. वादळ आलं की लाटा सरळ आत यायच्या आणि धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटायच्या. वडिलांची होडी फुटली ती भर समुद्रात नाही, घरासमोर बांधलेली फुटली. धाकट्यानं नवी होडी घेतली, पिवळ्या रंगाची, आणि मग वाऱ्याचा रंग बदलला की हा छातीभर पाण्यात उभा राहून होडी धक्क्यापासून लांब ढकलत राहायचा. एका वादळात होडी आणि धक्का यांच्यामध्ये त्याचा डावा हात सापडला. दोन बोटं गेली. पुढच्या वादळात हा उरलेल्या बोटांनी पुन्हा पाण्यात. वादळाची बातमी आली की मी इथून भावजयीला फोनवर फोन लावत राहायचे.

आणि एक दिवस हे कामावरून आले, चपला दारातच काढून आत येऊन बसले आणि म्हणाले, "तुझं माहेर आलंय लाटघरात."

खाडीच्या एका टोकापासून समुद्रात दगडांची वाकडी भिंत घालायची, होड्यांना यायला-जायला तोंड ठेवायचं, असा बेत वरून आला होता. ती भिंत बांधून फायदा आहे की नाही हे लाटघरानं सांगायचं होतं. तिथून होकार गेला तर काम सुरू. नकार गेला तर पुन्हा नवा बेत, नवी मोजणी, आणि धाकटा आणखी किती वर्षं पाण्यात, ते कुणी सांगावं.

माझ्या माहेरचा तळ यांनी असा बांधला, असा बांधला, की मी शेडमध्ये जाऊन बघितला तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. लहानपणी ज्या खडकावर बसून आम्ही पाय भिजवायचो तो खडकसुद्धा होता. भाकरीएवढा. भिंतीचे दगड रचणारा जुना माणूस त्याच सुमारास निवृत्त झाला होता, तर ते कामही यांनी स्वतः मागून घेतलं. "सासुरवाडीची भिंत दुसऱ्याला कशी देऊ?" म्हणाले. लाटघर चालवणाऱ्या मॅडमनी दगड मोजूनमापून दिले आणि सांगितलं, असे असे ढीग घाला, वरचे दगड रंगवलेले असू द्या, म्हणजे लाटेनं कुठला हलला ते कळेल. हे रोज उशिरापर्यंत दगड लावत राहिले. भिंत तयार झाली तेव्हा शेडमधला प्रत्येक जण येऊन बघून गेला. शहाबादी फरशी बसवावी तसे दगड बसले होते. मॅडमनीसुद्धा वाहवा केली आणि कुणीतरी यांना भिंतीशेजारी उभं करून फोटो काढला.

चाचणीच्या दिवशी गावातली चार माणसं बोलावली होती. त्यांच्याबरोबर धाकटा आला आणि त्याच्या मागून मीही गेले. खाडीत धक्क्याच्या कडेला बोटभर लांबीच्या लाकडी होड्या दोऱ्यानं बांधल्या होत्या. यांनी त्यातली एक पिवळी रंगवली होती. धाकट्यानं वाकून तिचा दोरा ओढून बघितला.

मोटर सुरू झाली. लाटा आल्या, माझ्या खडकापाशी वळल्या, भिंतीवर आदळल्या. भिंत जागची हलली नाही. मी यांच्याकडे अभिमानानं बघत होते, तोवर धाकटा म्हणाला, "आत बघ, ताई."

भिंतीच्या टोकाला वळसा घालून थोडी लाट आत शिरत होती. थोडीच. पण शिरली की भिंतीच्या आतल्या अंगावर आपटायची, तिथून परत फिरून धक्क्यावर, धक्क्यावरून पुन्हा भिंतीवर. मागून नवी लाट येतच होती. परतणारी आणि येणारी एकमेकींना भेटल्या की जिथे उंचवट्यावर उंचवटा पडे तिथे पाणी दुप्पट उसळे, आणि जिथे उंचवटा खड्ड्यात पडे तिथे पाणी नुसतं पडून राही. त्यामुळे काही होड्या गपगार होत्या आणि काही नाचत होत्या. पिवळी नेमकी नाचणाऱ्यांत होती. धक्क्यावर टक्-टक् आपटत होती. तो आवाज इतका बारीक होता, पण माझ्या भावानं आपला डावा हात खिशात घातला.

"आत येते ती लाट मोठी नाही," मॅडम म्हणाल्या, "पण ती मरत नाहीये. भिंतीची आणि धक्क्याची मिळून पेटीच झालीय. बहुतेक नकार कळवावा लागेल. आठवडाभर अजून मोजून बघते."

धाकटा ह्यांना टोमणा मारेल असं मला वाटलं होतं. त्यानं मारला नाही. "तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ केलंत, भावोजी," एवढंच म्हणाला आणि गेला. त्याची थट्टा परवडली असती.

त्या दिवशी हे घरी आले. जेवणात लक्ष नाही, दाराच्या फटीकडेसुद्धा लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी मी चादर काढायला घेतली आणि मुद्दामच हाक मारली, जरा तेवढंच मन रमेल म्हणून. आले, दोन कोपरे धरले. मी झटका दिला. उंचवटा यांच्याकडे गेला, यांच्या मुठींवर आपटला आणि तसाच माघारी येऊन माझ्या बोटांना हिसका देऊन गेला.

"अहो, एवढं आवळून काय धरलंय? माझाच झटका मला परत येतोय."

हे आपल्या मुठींकडे बघत राहिले. "पुन्हा दे," म्हणाले.

मी पुन्हा दिला. पुन्हा परत आला. मग यांनी मुठी सैल केल्या, कोपर ढिले सोडले. या वेळी उंचवटा गेला, यांचे हात त्याच्याबरोबर हलले, आणि तो तिथेच विरला. माझ्याकडे काहीच आलं नाही. घट्ट धरलं की परत, सैल धरलं की खलास. किती वेळ आम्ही तेच करत होतो कोण जाणे. शेजारीण काम टाकून बघत उभी होती.

मग हे पायरीवर बसले. चादर मांडीवर तशीच. "मी चिपा मारल्यात," म्हणाले.

"कसल्या चिपा?"

"भिंतीत. दगड आणि दगड यांच्यात फटी राहत होत्या. मॅडमनी नुसता ढीग घालायला सांगितलं होतं. पण तुझ्या माहेरची भिंत आणि तिच्यात फटी? मग मी आतून दगडाच्या बारीक चिपा ठोकल्या, प्रत्येक फटीत. आतून बाहेरून. वरून कुणाला दिसत नाहीत. अगं, त्या फटी लाटेसाठी होत्या. लाट फटीत शिरते, आतल्या आत घुसळते, दगडांना घासते आणि तिथेच दमून मरते. मी तिला मरायला जागाच ठेवली नाही. बेत चुकलेला नाही. माझी भिंत चुकलीय."

मला आधी हसू आलं. कपाटामागची फट आठवली. मग यांचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. जन्मभर ज्या हातांना लोकांनी शाबासकी दिली त्याच हातांनी घात केला, असं सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे खायचं काम नव्हतं.

"नक्की तसंच असेल का?" मी विचारलं.

"नसलं तर दोन्हीकडून गेलो. भिंतही मोडली आणि नाकही कापलं." मग मांडीवरची चादर सारखी करत म्हणाले, "एवढी देखणी भिंत माझ्या हातून पुन्हा व्हायची नाही."

"फोटो आहे ना," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शेड उघडल्या उघडल्या हे मॅडमपुढे जाऊन उभे राहिले आणि होतं ते सांगून टाकलं. मॅडम तशाच पाण्यात उतरल्या, वरचे रंगीत दगड उचलले आणि आत बोट घालून बघितलं. बोट जाईना.

"हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. हातानं केलं."

"मी वरून बघून छान म्हटलं," मॅडम म्हणाल्या. "आत हात घालून बघायला हवा होता. काढा सगळं. पुन्हा घालू."

काढणं सोपं होतं. पुन्हा घालणं महाकठीण. यांचा हात ऐकेना. दगड खाली टाकला तरी शेवटच्या क्षणी बोटं त्याला वळवून नेमका बसवायची. मॅडमनी जाड हातमोजे दिले, तरी तेच. बादलीनं ओतले, तर हे वाकून हळूच सारखे करायचे, आणि मॅडम लांबून ओरडायच्या, "हात काढा." आयुष्यात पहिल्यांदा नीट काम केल्याबद्दल हे बोलणी खात होते.

तोडगा निघाला तो माझ्या स्वयंपाकघरात. माझी धुतलेली भांडी मी जाळीच्या पाटीत कशीही टाकते. वाटीवर कढई, कढईला टेकून ताट, ताटावर झारा. यावरून आमची भांडणं लग्नापासूनची. हे येऊन ती सगळी उतरंडीसारखी एकात एक घालून ठेवायचे आणि मग तळाच्या पातेल्यात पाणी साचून राहायचं. त्या संध्याकाळी हे पाटीसमोर खुर्ची घेऊन बसले. ढीग असा बघत होते की नव्या नवरीलाही कधी इतकं बघितलं नव्हतं.

"तू हे कसं करतेस?"

"काय कसं करते? ठेवते आणि पाठ फिरवते."

"ठेवतेस आणि बघत नाहीस?"

"बघायला वेळ कुणाला आहे?"

यांनी पाटीत हात घातला. तो भांड्यांमधून कोपरापर्यंत आत गेला. पाणी कुठेच साचलं नव्हतं, सगळं निथळून गेलं होतं. "गबाळी आहेस, पण बरोबर आहेस," हे म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. दुसऱ्या दिवसापासून हे दगड ठेवायचे आणि पाठ फिरवायचे. माझ्यासारखे. भिंत उभी राहिली ती अशी की शेडमधल्या कुणीही येऊन वाहवा केली नाही.

पुन्हा चाचणी झाली. धाकटा यायला तयार नव्हता, मी हट्टानं आणला. मोटर सुरू झाली, फळी डोलायला लागली. धाकटा खाडीच्या बाजूला पाठीवर हात बांधून उभा. बराच वेळ गेला.

"भावोजी," तो म्हणाला, "मोटर बंद पडली वाटतं तुमची."

"बाहेर बघ," हे म्हणाले.

बाहेर लाटा भिंतीवर तुटून पडत होत्या. दगडांमध्ये शिरायच्या, आत घुसमटल्यासारखा आवाज यायचा आणि फेस गळून जायचा. टोकाला वळसा घालून आत येणारीही भिंतीच्या आतल्या अंगाला पोहोचली की दगडांत शिरायची आणि परत यायचीच नाही. पिवळी होडी आपल्या दोऱ्यावर नुसती श्वास घेत होती. धाकटा वाकला, पाण्यात आपला तीन बोटांचा हात घातला आणि तो तसाच ठेवला. मॅडमनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि हसल्या. आतलं पाणी शांत होतं. मी त्या शेडमध्ये सगळ्यांसमोर ह्यांचा हात धरला.

होकार गेला. भिंत बांधून झाली. आता ती खरोखर माझ्या माहेरी उभी आहे, एकेक दगड माणसाहून उंच, आडवातिडवा, कसाही. मध्यंतरी आम्ही दोघं माहेरी असताना बाहेरगावचे एक गृहस्थ फिरायला आले होते. भिंत बघून म्हणाले, "काय हे, नुसते दगड फेकलेत. गवंड्याला हात नव्हते का?" मी पदर खोचून पुढे झाले होते, पण धाकट्यानं मला मागे सारलं आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात होते," तो म्हणाला. "ते आवरायलाच वेळ लागला."

गेल्या खेपेला आम्ही तिथे असतानाच वादळ आलं. भरदुपारी आभाळ काळं झालं, वारा घरात शिरायला लागला. सवयीनं मी धाकट्याला शोधत आत धावले. भावजय ओट्यापाशी उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत धाकटा पालथा पडून झोपला होता, घोरत होता. तीन बोटांचा हात उशीखाली. बाहेर समुद्र भिंतीवर धडका देत होता आणि हा झोपला होता. वडिलांना मी वादळात झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही.

बाहेरच्या खोलीत आले तर हे दारासमोर बसलेले. त्या घराचं दार जुनं, खाली चांगली दोन बोटं फट, आणि वारा तिच्यातून शीळ घालत येत होता. हे त्या फटीकडे टक लावून बघत होते. हातोडी कोपऱ्यातच होती, लाकडाची पट्टीही होती. दोनदा यांचा हात तिकडे गेला. पण ठोकाठोकीनं धाकटा जागा झाला असता, म्हणून हे उठले नाहीत.